दातांवरचे डाग आणि व्हिनियर: करू की नको?

कापूसवेचणी
नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असते, फार तर पाककृतीखाली "मस्त" लिहून पळते. आज पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

वय २७, मूळ गाव पांढरकवड्याजवळ (जि. यवतमाळ), नोकरीनिमित्त चार वर्षं पुण्यात. वरच्या समोरच्या दातांवर लहानपणापासून तपकिरी आडवे पट्टे आणि खडूसारखे पांढरे ठिपके आहेत. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे होतं हे. गावात त्याचं कुणाला काही वाटत नाही, कारण सगळ्यांचेच तसे. आमच्या दहावीच्या ग्रुप फोटोत जेवढे हसलेत तेवढ्यांचे दात एकाच माळेतले दिसतात. पुण्यात आल्यावर पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीने अगदी काळजीने विचारलं, "तू तंबाखू खातेस का गं?" तेव्हापासून मी फोटोत ओठ मिटून हसते.

फेब्रुवारीत लग्न आहे. म्हणून मागच्या आठवड्यात एका क्लिनिकमध्ये जाऊन आले. पाच मिनिटं तोंडात बघितलं आणि वीस मिनिटं लॅपटॉपवर माझा "नंतरचा" चेहरा दाखवला. वरच्या दहा दातांना सिरॅमिकचे व्हिनियर (दातावर पुढून चिकटवायचं पातळ कवच), एका दाताचे १४ हजार, म्हणजे १ लाख ४० हजार. त्याच दिवशी बुकिंग केलं तर २० टक्के सूट. दात "थोडेसेच" घासावे लागतील म्हणाले. थोडेसे म्हणजे किती, हे विचारलं तर "तुम्हाला कळणारसुद्धा नाही" असं उत्तर.

पैसे साठवलेले आहेत. पण हे एकदा केलं की मागे फिरता येत नाही असं वाचलं आणि पोटात गोळा आला. होणाऱ्या नवऱ्याला विचारलं तर "तुला हवं तर कर" म्हणाला. या वाक्याचा काडीचा उपयोग नाही. कुणी करून घेतलंय का? करावं का?

आगाऊ_कार्टं
दात घासायचे १४ हजार? मी रोज फुकट घासतो.

कापूसवेचणी
हा विनोद मी स्वतःशी तीनदा करून झालाय :)

निर्मळ_मन
ताई, ईश्वराने जे दिलं त्यात समाधान मानावं. सौंदर्य आतून येतं. ज्याला तुमच्या दातांचा प्रॉब्लेम आहे तो माणूसच तुमच्या लायकीचा नाही.

चारचौघी
@निर्मळ_मन, ईश्वराने नाही, बोअरवेलने दिलेत. आणि तिने कुठे म्हटलंय की नवऱ्याला प्रॉब्लेम आहे? तिला स्वतःला तोंड उघडून हसायचंय, एवढंच.

वऱ्हाडी_ठेचा
काय सांगू ताई, आमच्याकडं त पिवये दात म्हंजे आधार कार्डच हाय. दात पाह्यले का गाव समजते. माया भावाच्या लग्नाच्या वक्ती पोरीकडच्याइनं इचारलं, पोट्टा खर्रा खाते काय? त्यानं जिंदगीत खर्रा खाल्ला नाई. शेवटी आमच्या बाबानं सगळ्यायले आपले दात दाखोले, आजीनं दाखोले, मंग त्यायले पटलं. पण घासून काहून घेतं वो? चांगल्या दाताले मशीन लावू नोको.

सायसाखर
मी करून घेतलंय, म्हणून लिहिते. लांबलचक होईल.

२०१६ साली ठाण्यात वरच्या दहा दातांना सिरॅमिक व्हिनियर बसवले. मला डागसुद्धा नव्हते. दोन दात किंचित वाकडे होते आणि रंग पिवळसर होता, बस्स. ब्रेसेस लावून वर्षभर थांबण्यापेक्षा "तीन सिटिंगमध्ये काम" हे ऐकून भुलले. रंग निवडताना मी सगळ्यात पांढरा मागितला आणि मला कुणी अडवलं नाही. घरी आल्यावर सासरे म्हणाले, "छान आहे, फक्त लाइट जरा कमी कर."

पहिली दोन वर्षं मजेत गेली. दात किंचित लांब झाल्यामुळे सुरुवातीला 'सासूबाई' म्हटलं की शिट्टी वाजायची, पण जिभेला महिनाभरात सवय झाली. तिसऱ्या वर्षी एक व्हिनियर भाकरी खाताना निघालं. ते परत चिकटवलं. पाचव्या वर्षी एका दाताला ठणका लागला, रूट कॅनाल झालं. आता हिरड्या थोड्या वर सरकल्यात आणि व्हिनियर जिथे संपतं तिथे खऱ्या दाताची पिवळी रेघ दिसते. म्हणजे ज्या पिवळेपणासाठी केलं तोच रेघेच्या रूपाने परत आलाय. नवीन डॉक्टर म्हणतात, आता बदलताना चार दातांना कॅपच करावी लागेल.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की माझे आठ दात चांगले होते. वाकड्या दोनांच्या जोडीला शोभावं म्हणून त्यांनाही घासलं. तुला सांगितलेल्या दहांपैकी खरोखर डाग असलेले किती आहेत, ते आधी मोज.

कापूसवेचणी
सायताई, आत्ता बाथरूमच्या आरशात मोजून आले. ठळक पट्टे चार दातांवर. दोन सुळ्यांवर नुसते पांढरे ठिपके. बाकीचे चार मी हसले तरी दिसत नाहीत.

दातओठ
धागा आत्ता पाहिला. मी दंतवैद्य (एमडीएस, कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे आहे तो दात वाचवणारी शाखा), शिक्षण नागपूरला, त्यामुळे असे दात रोज पाहिलेत. तोंडात बघितल्याशिवाय उपचार सांगत नाही, पण ठरवायचं कसं ते सांगू शकतो.

आधी 'थोडंसं'चा हिशेब. सिरॅमिक व्हिनियरसाठी दाताच्या पुढच्या बाजूने साधारण ०.३ ते ०.७ मिलीमीटर घासतात. ऐकायला काहीच नाही. पण दाताचं एनॅमल (बाहेरचा कडक थर) टोकाकडे जेमतेम मिलीमीटरभर जाड असतं आणि हिरडीजवळ ०.३ ते ०.५. म्हणजे हिरडीजवळ हात जरा जड पडला की एनॅमल संपून आतलं डेंटीन लागतं. व्हिनियर एनॅमलला घट्ट चिकटतं, डेंटीनला तितकं नाही. सगळं टिकाऊपण या एका गोष्टीवर आहे. आणि एनॅमल बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच संपलेल्या असतात, त्यामुळे गेलं ते गेलं. हाड जुळतं, कातडी भरते, एनॅमल नाही.

आता तुमच्या डागांचं. फ्लोरोसिसमध्ये (जास्त फ्लोराइडने दातांवर होणारा हा परिणाम) दात हाडात तयार होत असतानाच पृष्ठभागाखालचं एनॅमल सच्छिद्र राहतं. दात येतो तेव्हा तो खडूसारखा पांढरा असतो. तपकिरी रंग नंतर बाहेरून त्या छिद्रांत मुरतो. म्हणून तपकिरी डाग बहुतेकदा वरवरचे असतात आणि त्यांच्यासाठी थेट व्हिनियरवर उडी मारायची गरज नसते. पायऱ्या अशा: साधं क्लिनिंग, मग मायक्रोअ‍ॅब्रेजन (हायड्रोक्लोरिक आम्ल आणि बारीक खरखरीत पेस्ट लावून वरचा अगदी पातळ थर काढणं), मग घरी ट्रे लावून ब्लीचिंग, उरलेल्या पांढऱ्या ठिपक्यांसाठी रेझिन इन्फिल्ट्रेशन (पातळ रेझिन छिद्रांत शोषवतात), तरीही काही राहिलं तर तेवढ्याच दातावर कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग), आणि सगळ्यात शेवटी सिरॅमिक. प्रत्येक पायरीवर थांबून आरशात बघता येतं. उलट दिशेने मात्र येता येत नाही.

पण व्हिनियर म्हणजे फसवणूक असंही नाही. दातांवर खड्डे पडले असतील, एनॅमलचे टवके उडत असतील तर मायक्रोअ‍ॅब्रेजनने काही होत नाही, तिथे मी स्वतः व्हिनियर सुचवतो. नीट निवडलेल्या पेशंटमध्ये दहा वर्षांनी दहातले नऊ तरी शाबूत असतात. एकच भानगड, फ्लोरोसिसचा वरचा थर आम्लाला दाद देत नाही, तो जास्त वेळ एच करावा (आम्लाने खरखरीत करावा) लागतो किंवा हलका घासावा लागतो. हे करणाऱ्याला माहीत हवं.

"आजच बुकिंग केलं तर सूट" हे मात्र डोक्यात जातं. दात म्हणजे दिवाळीचा फ्रिज आहे का? तुमचे डाग कुठल्या प्रकारचे आहेत, खड्डे आहेत का?

कापूसवेचणी
डॉक, खूप धन्यवाद. नख फिरवून पाहिलं, खड्डे नाहीत, गुळगुळीत आहेत. उजव्या मधल्या दाताच्या कोपऱ्यावर एक छोटा टवका आहे, पण तो चिंचोक्याचा पराक्रम.

मायक्रोअ‍ॅब्रेजन हा शब्द त्या क्लिनिकमध्ये कुणी उच्चारलासुद्धा नाही.

आगाऊ_कार्टं
डॉक, हे व्हिनियरचं फॅड काढलं कुणी मुळात?

दातओठ
कॅलिफोर्नियातल्या चार्ल्स पिंकस नावाच्या डेंटिस्टने, सिनेमावाल्यांसाठी, १९२० च्या दशकाच्या अखेरीस. शूटिंगपुरते पातळ कवच कवळीच्या पावडरीने चिकटवायचे आणि संध्याकाळी काढून ठेवायचे. कायमचे चिकटवायची सोय नव्हतीच. १९५५ मध्ये बुओनोकोर याने आम्लाने एनॅमल खरखरीत केलं की रेझिन धरतं हे दाखवलं, आणि सिरॅमिकलाही असंच एच करून चिकटवणं १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जमलं. थोडक्यात, पिंकसच्या नटांना रात्री दात डबीत ठेवता यायचे. आपल्याला नाही.

अवांतर: तुमच्या गावच्या डागांचा शोधही अमेरिकेतच लागला. कोलोरॅडो स्प्रिंग्जमध्ये १९०१ साली फ्रेडरिक मके नावाचा तरुण डेंटिस्ट गेला तर तिथल्या लोकांचे दात तपकिरी. कारण पाण्यातलं फ्लोराइड आहे हे कळायला १९३१ उजाडलं. तोवर गावकरी म्हणायचे, डुकराचं मांस जास्त खाल्ल्याने होतं.

बर्मिंगहॅमकर
इथून एक वेगळा अनुभव. आमच्या ऑफिसातले निम्मे लोक सुट्टीला टर्कीला जातात आणि नवीन दात घेऊन येतात. इथे 'टर्की टीथ' हा शब्दच रूढ झालाय. एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) दिसण्यासाठीचे व्हिनियर करत नाही, खाजगीत परवडत नाही, म्हणून अंतल्याला आठवड्याचं पॅकेज. एका सहकाऱ्याने 'व्हिनियर' म्हणून वीस दात करून आणले. मग मधला फोटो दाखवला, तर सगळे दात घासून शंकूसारखे खुंट केलेले. ते व्हिनियर नव्हतेच, कॅप होत्या. आता दुखतंय आणि इथले डेंटिस्ट दुसऱ्याच्या कामाला हात लावायला तयार नाहीत. तेव्हा नाव काहीही सांगोत, दात किती आणि कुठून घासणार ते विचार.

दातओठ
+१. २००२ च्या एका नेहमी उद्धृत होणाऱ्या मोजमापानुसार व्हिनियरला दाताचा ३ ते ३० टक्के भाग जातो आणि पूर्ण सिरॅमिक कॅपला ६३ ते ७२ टक्के. भारतातही 'व्हिनियर' सांगून कॅप बसवलेले पेशंट माझ्याकडे आलेत.

चारचौघी
दुसरी बाजूही येऊ दे. मला स्कूटरवरून पडल्यावर मधल्या दोन दातांना सिरॅमिक व्हिनियर बसवले, सहा वर्षं झाली, काहीही त्रास नाही. पण मी काय काय केलं ते ऐक. डॉक्टरांनी आधी मेणाचा नमुना करून घेतला. त्यावरून तात्पुरत्या मटेरियलचं मॉक-अप माझ्या दातांवर, काहीही न घासता, बसवलं आणि चार दिवस घरी पाठवलं. त्या चार दिवसांत मी फोनवर बोलले, हसले, भांडले, पुरणपोळी खाल्ली. परत जाऊन "अर्धा मिलीमीटर कमी करा" म्हणाले. रंग ठरवायला लॅबचा माणूस स्वतः आला आणि मला खिडकीत उभं करून दिवसाच्या उजेडात शेड लावली. तो म्हणाला, बहुतेक भारतीय दात ए-२, ए-३ या शेडमध्ये असतात, तुमचे बाजूचे ए-२ आहेत तर हे ए-२ च करू, त्यातही टोकाला जरा पारदर्शक. आज कुणाला ओळखू येत नाहीत.

किंमतही मोजते. पेरू फोडी करून. मक्याचे दाणे काढून. ऊस बंद, त्याचं खरंच वाईट वाटतं. रात्री दात खाते म्हणून गार्ड लावून झोपते, नवरा म्हणतो बॉक्सरशी लग्न केलंय.

वऱ्हाडी_ठेचा
ऊस बंद म्हंजे लयच झालं बावा. हुरडा चालते ना?

चारचौघी
हुरडा चालतो :) तो दाढांचा विषय.

कापूसवेचणी
कॉम्पोझिटचं काय? एका मैत्रिणीने तेच केलंय, स्वस्त पडतं म्हणे.

दातओठ
स्वस्त पडतं, एका बैठकीत होतं, बऱ्याचदा घासावं लागत नाही, मोडलं तर दुरुस्त होतं. पण पाचेक वर्षांत रंग आणि चमक उतरते, मधूनमधून पॉलिश लागतं. आपल्या जेवणात हळद आणि दिवसाला तीन चहा, म्हणजे जरा आधीच. तुमचा चिंचोक्याचा टवका त्याने छान भरून येईल. आणि लग्न फेब्रुवारीत, आत्ता सप्टेंबर. भरपूर वेळ आहे. पुण्यात असाल तर एमडीएस असलेल्या दुसऱ्या कुणाचं मत घ्या, प्रॉस्थो (कॅप, कवळ्या बसवणारे) किंवा कॉन्झर्व्हेटिव्ह. गावी जाणार असाल तर नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय, तिथल्या पोरांनी फ्लोरोसिस पुस्तकात कमी आणि खुर्चीत जास्त पाहिलेला असतो.

निर्मळ_मन
माझा मुद्दा कुणी समजूनच घेत नाही.

आगाऊ_कार्टं
समजला हो. आतून येतं. आतून पॉलिश किती रुपयांत होतं?

कापूसवेचणी
(तीन महिन्यांनी) धागा वर काढतेय, राग मानू नका. काय झालं ते सांगते.

बुकिंग केलं नाही. त्या क्लिनिकमधून आठवडाभर फोन येत होते, सूट २० वरून ३० टक्क्यांवर गेली. तिथेच माझी उरलीसुरली हौस फिटली. दिवाळीत गावी जाताना नागपूरला दाखवलं. मॅडमनी दात वाळवून, टॉर्च मारून बघितलं आणि डॉकनी इथे सांगितलेलाच क्रम सांगितला. सुट्टी संपत होती म्हणून काम पुण्यात करवून घेतलं, त्यांच्याच ओळखीच्या एका डॉक्टरकडे.

मायक्रोअ‍ॅब्रेजनच्या दोन बैठका. तोंडात रबराचा पडदा ताणून बसवतात, फक्त दात बाहेर, बाकी आपण सर्कशीतले. दुखलं नाही. पहिल्याच बैठकीनंतर तपकिरी पट्टे इतके फिके झाले की मी गाडीच्या आरशात बघत पार्किंगमध्ये पंधरा मिनिटं बसून राहिले.

मग तीन आठवडे रात्री ब्लीचिंगचा ट्रे, १० टक्के कार्बामाइड पेरॉक्साइड. इथे एक सूचना, जी मला आधी कुणी द्यायला हवी होती: पहिल्या आठवड्यात पांढरे ठिपके आणखीच पांढरे दिसतात. मी रडून डॉक्टरांना रात्री दहाला फोन केला. नंतर बाकीचा दात उजळला आणि ठिपके त्यात मिसळले, सगळे नाही, बरेच. थंड पाण्याने सणक यायची, तेव्हा दोन दिवस सुट्टी घेतली. त्या काळात चहा, रस्सा, बीट बंद. दहीभात खाऊन आई म्हणाली बाळंतीण झालीस का. ब्लीचिंगनंतर दोन आठवडे थांबून टवक्यावर कॉम्पोझिट भरलं (लगेच भरलं तर नीट धरत नाही म्हणे).

एकूण खर्च १८ हजार. डाव्या दुसऱ्या दातावर एक बदामी रेघ अजून आहे. डॉक्टर म्हणाले तीही रेझिनने जाईल. मी म्हटलं बघू. महिना झाला, अजून बघतेच आहे. आणि हो, नवऱ्याला फोटो पाठवला तर म्हणाला, "आधी काय होतं?" या माणसाचं काय करायचं त्यावर वेगळा धागा काढेन.

सायसाखर
शाब्बास गं! मला हेवा वाटतोय आणि आनंदही होतोय.

कापूसवेचणी
एक विचारायचं राहिलं. दिवाळीत दादाची मुलगी मांडीवर खेळत होती, तेरा महिन्यांची. खालचे दोन दात आलेत, पांढरेशुभ्र. मॅडमनी मला सहज विचारलं होतं की घरात लहान मूल आहे का. तिलाही माझ्यासारखंच होणार का? दुधाचे दात तर चांगले दिसतायत.

दातओठ
दुधाच्या दातांवर जाऊ नका, त्यांचा बराचसा भाग जन्माआधी तयार होतो. तिचे कायमचे पुढचे दात आत्ता हिरडीच्या आत घडतायत. वरच्या मधल्या दातांसाठी सर्वांत नाजूक काळ साधारण सव्वा ते अडीच वर्षांचा, म्हणजे तिचा सुरूच होतोय. एकूण काळजी आठ वर्षांपर्यंत घ्यायची. आज पाणी बदललं तर सातव्या वर्षी जे दात येतील ते वेगळे असतील. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं.

शाळामास्तर
मी किनवटकडचा (जि. नांदेड), आमचीही हीच कथा. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात. तपासायला पाणी भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत द्या, ग्रामपंचायतीमार्फतही जातं. सगळे स्रोत वेगवेगळे तपासा. फ्लोराइड खडकातून येतं, त्यामुळे खोल बोअरला जास्त आणि त्याच गावातल्या उथळ विहिरीला पुष्कळदा कमी असतं. आरओ चालतो, पण फिल्टर बदलायला हवेत, आमच्या शाळेतला दोन वर्षं नुसता शोभेला आहे. तुरटी आणि चुन्याची नलगोंडा पद्धतही आहे, नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने काढलेली, पण रोज मोजून मापून करायला माणूस लागतो.

कापूसवेचणी
सर, दादाला तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवला. पाच बाटल्या भरून तो स्वतः यवतमाळला देऊन आला.

रिपोर्ट काल आला. घरची बोअर २.८. पंचायतीची बोअर २.१. शाळेमागची जुनी विहीर ०.६, जी आम्ही बोअर झाल्यावर वापरणंच सोडलं होतं आणि ज्यात पोरं चेंडू टाकायची. आता दादा रोज दोन कळशा तिथून आणतो, वहिनी गाळून उकळते, जंतूंसाठी. शेजारच्या दोन घरांतही लहान मुलं आहेत, तेही न्यायला लागलेत, त्यामुळे मागच्या रविवारी सगळ्यांनी मिळून विहिरीचा गाळ काढला. अकरा चेंडू निघाले.

वऱ्हाडी_ठेचा
त्यातला एक माया असंन. लग्नाची तारीख टाका इथं, पंगतीले येतो.